तांडेल की भंडारी

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण मामांचं. ते दातिवऱ्याच्या एका शेठच्या गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबत हाकणारे मुख्य. दिवाळीनंतर बांबू आणि सागाचे वासे घेऊन बसऱ्याला जायचं आणि खजूर भरून परत यायचं, असा त्यांचा क्रम. आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. "घरात एक तरी मानूस कागद वाचनारा पायजे," असं ते आईला म्हणत.

एकोणीसशे साठनंतरची ती पहिली वर्षं. मी पालघरच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. सुट्टीत मामांनी मला गलबताचे कागद करायला बोलावलं. परदेशी निघायला कस्टमची परवानगी लागे, आणि तिच्यासाठी याद्या: मालाची, शिध्याची, माणसांची. मामांच्या ओसरीवर बसून मी त्या इंग्रजीत लिहिल्या. शिध्यात सुके बोंबील आले आणि मी अडलो.

"काय झाला?" मामा म्हणाले.

"बोंबलाला इंग्रजीत काय म्हणतात, आठवत नाही."

"बोंबीलच ल्ही. सायबाला नाय समजला, तर वास घील."

माणसांच्या यादीत मी पहिलं नाव मामांचं घातलं आणि पुढे काम लिहिलं, तांडेल. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला होता. शेठ त्यांच्या जागी आपल्या पुतण्याला बसवणार, अशी कुजबुज बंदरावर होती. "यंदा गलबत नेऊन आनला, का शेठचा तोंड बंद," एवढंच मामा म्हणाले.

गलबत तारापूरला माल भरून उभं होतं. तिथल्या कचेरीत कारकुनाने माझी यादी बाजूला सारली आणि छापील नमुना एकेकाला विचारून भरायला घेतला. मला त्याने कागदाला लावायची तिकिटं आणायला पाठवलं. मी परत आलो तेव्हा मामांच्या नावापुढे 'स्वयंपाकी' लिहिलेलं होतं.

कारकुनाने विचारलं होतं, "तुम्ही कोण?" कचेरीत कोण म्हणून विचारलं की आमच्याकडचा माणूस जात सांगतो. मामांनी सांगितलं, "आमी भंडारी." आणि गलबतावर भंडारी म्हणजे स्वयंपाक करणारा.

"साहेब, चूक झाली आहे," मी म्हणालो.

"चूक कसली? त्यांनीच सांगितलं. छापील कागदावर खाडाखोड चालत नाही. नवा नमुना मुंबईहून येईल. तांडेल कोण, ते बोला."

शेठ दारात उभे होते. "माझ्या पुतण्याचं नाव घाला. वारा चांगला आहे, थांबायचं कशाला? स्वयंपाकी पण लागतोच की."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दाखवलेल्या जागी अंगठा उठवला.

बंदरावर माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "बोंबील तरी आता चांगले खातील."

त्या आठवड्यात मी बसऱ्याच्या पत्त्यावर त्यांना लिहिलं:

"तीर्थरूप मामांस, साष्टांग नमस्कार. मामी बरी आहे. मी पुन्हा कचेरीत जाऊन आलो. पुढच्या सफरीला नवी यादी होईल, पण तांडेल कोण ते शेठच सांगणार, असं साहेब म्हणाले. शेठ मला भेटत नाहीत. पाकिटावर मी तुमच्या नावापुढे तांडेल असंच लिहिलं आहे. त्यामुळे तांडेलाचं म्हणून पत्र आधी पुतण्याच्या हाती जाईल कदाचित, पण दुसरं काही लिहायला हात धजेना. चुलीचा धूर डोळ्यांत जाऊ देऊ नका."