काकांचा अर्ज, काकूंची हरकत

आमच्या शेजारच्या काकांइतका नियमाने भांडणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा झाला नाही. रोह्याच्या तहसील कचेरीसमोर चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून ते पेणला परतले, पण हात थांबेना. नळाला गढूळ पाणी आलं, अर्ज. एसटी वडखळला थांबली नाही, अर्ज. हट्ट एकच: ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याला तो आधी वाचून दाखवायचा. एका कंडक्टरला त्यांनी डेपोत गाठून दोन पानं ऐकवली, तेव्हा तो बिचारा म्हणाला, "काका, मीच सही करू का?"

मग निवडणुकीत बायकांना दरमहा पैसे द्यायचं आश्वासन आलं आणि काका पेटले. "खिशातली नोट वाटली तर लाच, सरकारी तिजोरीतली वाटतो म्हटलं तर जाहीरनामा? कायद्यात बसतं का, कोर्टानंच सांगावं." कोर्टासाठी इंग्रजी हवं म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी टाइप केलं. तोवर ते पैसे काकूंना मिळूही लागले होते. त्यांतून तिकीट काढून काकू महिन्यातून एकदा एकट्या रोह्याला बहिणीकडे जात. जन्मात पहिल्यांदाच, कुणाला न विचारता. आता काकांच्या नियमाने अर्ज काकूंनाच वाचून दाखवायचा होता.

काकू वाल सोलत बसल्या होत्या. काका अर्ज मराठीतून वाचू लागले तसे काकूंचे हात थांबले. शेवटच्या ओळीला काकांचा आवाज बारीक झाला. मी लॅपटॉपवरून नजर उचलली नाही.

"बराबर लिवलाय," काकू म्हणाल्या. "पर माझा बाप मिठागरात पाय कुजवून मेला, तवा तिजोरी कुनाची व्हती? काडेपेटी घेते तवा मी कर भरत नाय? माझी हरकत हाय. लिवा."

"मी लिहू?"

"मंग कोन? चाळीस वर्सं गावाचं लिवलंत. माझं एक तरी लिवलंत?"

मग काकांनी कोरा कागद ओढला, विचारून विचारून लिहिलं, वाचून दाखवलं.

"त्यातला 'गरीब' खोडा."

त्यांनी खोडला. हरकत त्यांच्या अर्जापेक्षा सरस उतरली होती. काकांनाही ते कळलं होतं.

दोन्ही पाकिटं एकाच दिवशी पोस्टात पडली. उत्तर एकालाही आलं नाही.

काका मागच्या वर्षी गेले. रेशनकार्डावरून त्यांचं नाव कमी करायचा अर्ज काकूंनी माझ्याकडून लिहून घेतला, मराठीत. सही करताना त्या थांबल्या.

"ज्याचं नाव काढतेस, त्याला आधी वाचून दाखव गो."

मी काकांच्या फोटोसमोर उभी राहून वाचला. शेवटच्या ओळीला माझाही आवाज बारीक झाला.