पानिपतहून आईला

सकाळी सातच्या बसने दिल्ली सोडली, तेव्हा आईला लिहिलेलं पत्र माझ्या खिशात तयार होतं. ‘पानिपतला सुखरूप पोचलो.’ पोचायला अजून दोन-अडीच तास होते, पण मला सगळ्याच गोष्टींची आधीपासून काळजी लागते.

झालं होतं असं. आठवीत शाळा सुटली आणि मी सोलापूरहून इकडे आलो. दिल्लीतल्या मुनिरका वस्तीत खोली घेतली, लालाजींच्या पडद्यांच्या दुकानात लागलो. गुडगावकडे नव्या इमारती उठताहेत आणि प्रत्येक खिडकीला पडदा लागतोच. कापड पारखून आणायला दर सोमवारी पानिपतला जायचं काम लालाजींनी मला देऊ केलं. माझ्यासारख्याला केवढा मान! आनंदाने एसटीडी बूथवरून सोलापूरला शेजाऱ्यांकडे फोन लावला, तर पानिपत म्हटल्याबरोबर आई रडायलाच लागली. तिथे गेलेलं आपलं माणूस परत येत नाही म्हणाली, स्वतःची शपथ घातली आणि फोन ठेवला.

लालाजी म्हणाले, पंधरवडाभर थांबतो, मग दुसरा माणूस बघतो. मी चार पानी पत्र लिहिलं. लढाई केव्हाच संपली, आता तिथे चादरी विणतात, आपल्या सोलापूरसारख्याच. उत्तर शेजारच्या कमलवहिनींच्या अक्षरात आलं. जा, पण तिथून तुझ्या हातचं पत्र येईपर्यंत मी चहाला शिवणार नाही. आईला वाचता येत नाही, पण माझं तिरकं अक्षर ती लांबून ओळखते. दिवसभर विड्या वळणारी बाई चहाशिवाय कशी राहणार? म्हणून मी आदल्या दिवशीच पत्र लिहून ठेवलं. उतरलं की पेटीत टाकायचं.

दोन्ही बाजूंना मोहरी पिवळीधमक फुललेली. वाटेत मुरथलला बस थांबली. तंदूरमधला पराठा, वर लिंबाएवढा लोण्याचा गोळा. पहिल्याच घासाला लोणी ओघळलं ते थेट खिशात.

पानिपतला कारखान्यात शिरून कापड पारखलं आणि मग ते तेलकट पत्र वाळायला दारातल्या उन्हात धरलं. खड्डीवर (हातमागावर) एक म्हातारे विणकर बसले होते. सगळे त्यांना ताऊ (थोरले काका) म्हणत. त्यांनी पत्र वाचून दाखवायला लावलं. मी ती एक ओळ वाचली आणि चहाची गोष्टही सांगून टाकली.

“लिखी कब?”

“कल.”

“कल तू पहुँचा कहाँ था? माँ चाय छोड़े बैठी है और तू उसे बासी चिट्ठी भेजेगा?”

सगळा कारखाना हसला. मीही हसलो, पण कान तापले होते. कोपऱ्यावरून नवं आंतर्देशीय पत्र आणलं आणि ताऊंच्या शेजारीच मांडीवर फळी घेऊन बसलो. गंमत म्हणजे तासभर तिथे वावरूनही जे दिसलं नव्हतं, ते लिहायला घेतल्यावर दिसू लागलं. ताऊंच्या मिशीवर लोकरीची लव बसली होती. पायाचा अंगठा न बघता नेमका मागाच्या पायपट्टीवर पडत होता. काय लिहितोयस, त्यांनी विचारलं. आईची भीती सांगितली, तसे ते हात थांबवून म्हणाले, “सब मरे थोड़े ही थे. कुछ यहीं बस गए. आज भी कई घर खुद को मराठा बताते हैं. ये लिख.”

लिहिलं. कडेच्या घडीपर्यंत जागा संपली. तोवर पेटीतलं टपाल निघून गेलं होतं. कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन स्टेशन गाठलं, रेल्वेच्या टपाल कचेरीत पत्र दिलं, आणि संध्याकाळी मुनिरक्यात परतलो. अंग मोडून आलं होतं, तरी फार हलकं वाटत होतं.

बारा दिवसांनी उत्तर आलं. कमलवहिनींनी लिहिलं होतं, अक्षर बघून आईने पत्र न फोडताच चहाचं आधण ठेवलं. मग गल्लीत तीनदा वाचन झालं. शेवटी आईचा निरोप होता: ‘तिकडच्या बायका काय काम करतात? बसून करतात का उभ्याने? पाठ दुखते का त्यांची?’

फोनवर ती जेवलास का, यापलीकडे कधी जात नाही. कारखान्यात बायकाही होत्या, पण त्यांच्याकडे मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि ज्या गावाच्या नुसत्या नावाने आई रडली होती, तिथल्या बायकांच्या पाठीची आता तिला काळजी लागली होती.