मास्तरांच्या डाव्या कानाशी

महाडच्या बाजारपेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घरातले रेडिओ, उत्सवातले कर्णे, तंबूतल्या सिनेमाचे अ‍ॅम्प्लिफायर, सगळं माझ्याकडे यायचं आणि बोलकं होऊन परत जायचं. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मोटारीत रेडिओ मी तोवर बसवलेला नव्हता. तरी पोलादपूरच्या डॉक्टरबाईंनी आपली जुनी काळी मोटार दुकानासमोर उभी करून विचारलं, तेव्हा मी एका शब्दात हो म्हणालो. तार भिंतीतून न्यायची की पत्र्यामागून, एवढाच काय तो फरक.

बाई गाडी स्वतः चालवत. कशेडी घाटाच्या पायथ्याची गावं, इकडे शिवथरपर्यंतचं खोरं, जिथवर चाक जाईल तिथवर जात आणि पुढे पायी. त्यांचे यजमान हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर. बाईंनी एकटीने घाटात जाऊ नये म्हणून ते रोज शेजारी बसून जात. बाई रोग्याकडे गेल्या की ते गाडीतच बसून राहत. त्यांच्यासाठी बाईंच्या भावाने मुंबईहून मोटारीचा रेडिओ पाठवला होता.

काम घेण्याआधी मी दोघांना गाडीत जसे बसतात तसे बसायला सांगितलं. स्पीकर कुठे बसवायचा हे गाडी ठरवत नाही, आतलं माणूस ठरवतं. तेव्हा कळलं की मास्तरांचा उजवा कान पार गेलेला आहे. सगळे स्पीकर बसवतात तो समोरच्या फळीच्या मधोमध, म्हणजे नेमका त्यांच्या बहिऱ्या बाजूला. शिवाय बाईंची एक अट होती. घाटात वळणापलीकडच्या ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू आलाच पाहिजे, त्यामुळे रेडिओ मोठ्याने लावून चालणार नव्हतं.

मी डाव्या बाजूचे दोन दरवाजे आणि त्यांच्यामधला खांब पाहिला. दारात स्पीकर बसवला तर उघडझाक होऊन तार तुटणार. खांब मात्र मास्तरांच्या डाव्या कानाच्या जरासा मागे येत होता. तिथे लहान स्पीकर बसवला तर हळू आवाजही त्यांना स्पष्ट पोचेल आणि बाईंचे कान रस्त्याला मोकळे राहतील. रेडिओ समोरच्या फळीतल्या डाव्या कप्प्याखाली टांगला. स्पीकरची तार पायाखालच्या रबराखालून नेऊन खांबाच्या अस्तरामागे वर चढवली. रेडिओची वीज सरळ बॅटरीवरून आणली, म्हणजे इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर त्यात मिसळायला नको. पहिल्याच फेरीला मुंबई केंद्र स्वच्छ लागलं. मास्तर समाधानाने मान डोलवत गेले.

आठवडाभराने बाई एकट्याच आल्या. रेडिओ बिघडला असेल असं मला क्षणभरही वाटलं नाही, आणि तो बिघडला नव्हताच. त्या काउंटरशी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच स्पीकरमधून माझा आवाज त्यांच्या कानापर्यंत जाईल का?"

मला उलगडायला वेळ लागला नाही. गाडी चालवताना त्या मास्तरांच्या उजव्या हाताला बसत. इंजिनाच्या घरघरीत त्यांचं काही मास्तरांना ऐकू येत नसे. ओरडून बोलायचं तर रस्त्यावरचं लक्ष जातं. घरी पोचावं तर ओटीवर पेशंट बसलेले. म्हणून दोघंही दिवसभर एका गाडीत गप्प. मास्तरांना मागच्या सीटवर, डावा कान तुमच्या खांद्याशी येईल असं का बसवत नाही, असं मी विचारलं. मागे बसलं की घाटात त्यांना मळमळतं, असं बाईंनी सांगितलं.

मी म्हणालो, "जाईल. उद्या गाडी घेऊन या."

टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधली बोलण्याची, म्हणजे आवाज टिपणारी टिकली माझ्याकडे पडून होती. ती रेडिओच्या आवाज वाढवणाऱ्या भागाला जोडली आणि बाईंच्या हाताशी एक खटका लावला. खाली केला की रेडिओ, वर केला की बाई. टिकली आधी मधल्या आरशाशी लावली. तिथून बाईंचा आवाज लहान येई, म्हणून वाढवला, तर स्पीकरचा आवाज पुन्हा टिकलीत शिरून अशी शिट्टी वाजली की बाजारातली माणसं वळून बघायला लागली. पण दोष जागेचा होता, कल्पनेचा नव्हता. मी टिकली स्पीकरपासून लांब, पार उजवीकडे, बाईंच्या कपाळासमोरच्या, ऊन अडवणाऱ्या फळीखाली घेतली. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगली, म्हणजे गाडीचे हादरे तिला लागणार नाहीत. वाऱ्याचा आवाज शिरू नये म्हणून वर मलमलीचा पदर दिला. आता आवाज कमी ठेवूनही भागत होतं आणि शिट्टी बंद झाली.

तपासायला आम्ही कशेडीच्या घाटात गेलो. मी मागे बसलो होतो. चढ लागल्यावर बाईंनी खटका वर केला आणि नेहमीच्या स्वरात, समोर बघत, त्या बोलल्या, "शिवथरच्या त्या बाळंतिणीचं तुम्हाला सांगायचं राहिलं."

मास्तर दचकून डावीकडे खिडकीबाहेर बघायला लागले. मग हळूच बाईंकडे वळले.

"त्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस," ते म्हणाले. "मला वाटलं, मूल गेलं."

"नाही हो. आडवं होतं, पण वाचलं. आईपण वाचली. मी फार थकले होते, एवढंच."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. महिनाभर ते त्या मुलाचं दुःख मनात धरून होते, आणि बाईंना त्याचा पत्ताच नव्हता. मग घाट संपेपर्यंत दोघं बोलत राहिली. मध्ये समोरून ट्रकचा हॉर्न आला तो बाईंना वेळेवर ऐकू आला आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. मी मागे बसून बाहेरचं रान बघत होतो. काम चोख झालं होतं, माझ्याकडून आणखी काही व्हायचं उरलं नव्हतं.

पुढे खोऱ्यात त्या गाडीची चर्चा झाली. शिवथरचा एक म्हातारा दुकानात येऊन मला विचारून गेला, "बाई रस्त्याकडं बघत एकल्याच बडबडत गाडी हाकतात, बऱ्या हायेत ना त्या?" मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे.

पावसाळ्यानंतर मास्तर स्वतः आले. रेडिओ आता क्वचितच लागतो, खटका कायम वरच असतो, अशी त्यांची तक्रार होती. तो खटका त्यांच्या बाजूला घेता येईल का, असं त्यांनी फार गंभीरपणे विचारलं.

"येईल," मी म्हणालो, "पण मी घेणार नाही."

मास्तर मोठ्याने हसले. गाडी विकेपर्यंत खटका बाईंच्याच हाताशी राहिला. त्या जोडणीत मला फक्त एकदा हात घालावा लागला, तोही उंदराने पायाखालची तार कुरतडली म्हणून.