नवा पट्टा आखूड का दिसतो

सुट्या भागांच्या एका स्वस्त दुकानात टांगलेला पट्टा काढून मी आमच्या घरघंटीच्या जुन्या पट्ट्याशेजारी धरला. नवा बोटभर आखूड निघाला.

“आई, हा बसणार नाही,” सूनबाई म्हणाली. आज पट्टा मिळाला नाही तर घरघंटी भंगारात द्यायची, असं तिनं घरूनच बजावलं होतं.

“बसेल गं. जुना ताणून लांबलाय.”

हे शहाणपण माझं जन्मजात नाही. तरुणपणी शिलाई मशीनसाठी मी जुन्याशी तंतोतंत जुळणारा पट्टा मोठ्या ऐटीत निवडून आणला होता. तो सैल पडून घसरायचा; खालचं चाक गरगर फिरे, वरची सुई हलेना. आणि त्या बावळट बाईसाहेब, म्हणजे मीच, मशीनलाच नावं ठेवत बसल्या!

पण हा पट्टा लांबला कधी? रोज दळताना मीच तर समोर असायचे. माणसंही घरात अशीच नकळत ताणली जातात का? आणि मग त्या ताणलेल्या मापालाच आपलं माप समजतात?

घरी येऊन पट्टा जरा जोर लावून चढवला. घंटी घरघरली, कोमट पीठ पडू लागलं. सूनबाईनं ते चिमटीत चोळून पाहिलं.

“ज्वारी निवडून ठेवते,” ती म्हणाली, “उद्या तीही दळू.”