विहानची पहिली हाक

आमच्या जळगावच्या गल्लीत उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे तर सगळ्याजणी मिळून. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. ज्वारीचा घाटा शिजेपर्यंत हातांना काम नसतं, तोंडांना असतं. मग किस्से साठणारच! यंदा ते सगळे माझ्याच घरचे साठले. कारण माझा विहान दोन वर्षांचा होऊन गेला, तरी मला हाक मारत नव्हता. गल्लीला विषय मिळाला, माझी झोप गेली.

*

भांडण एकाच शब्दाचं. आईला म्हणायचं काय?

माझ्या सासूबाई, म्हणजे गल्लीच्या अक्का, पारोळ्याकडच्या. त्यांचं म्हणणं 'माय'. नवरा म्हणे 'आई'. मी सातवी शिकलेली, पण पोराला इंग्लिश मीडियमला घालायचं म्हणून 'मम्मी' शिकवत होते. शेजारच्या शबानाभाभी त्याला कडेवर घेतल्या घेतल्या सांगायच्या, "बोल बेटा, अम्मी!" आणि समोरच्या गुजराती कोकिळाबेनकडे आई म्हणजे 'बा'.

अक्का भडकल्या. "बा म्हंजे बाप! आमना खेडामा बापले बा म्हंतस."

कोकिळाबेन शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे बा जे बोलते ना, ते बापाला पण ऐकावं लागते!"

*

माझी नणंद पूजा कॉलेजला आहे. तिने मोबाईलवर शोधलं. "वहिनी, किती तरी भाषांत आईच्या शब्दात 'म' आहे. बाळ दूध पिताना ओठ मिटलेले असतात ना, तेव्हा तोच आवाज निघतो, असं म्हणतात."

"मतलब बच्चा माँ को नहीं, दूध को बुलाता है!" शबानाभाभी.

"मंग म्हैसले बी माय म्हना!" अक्का.

पूजा थांबेना. "आणि जॉर्जिया नावाचा देश आहे, तिथे 'मामा' म्हणजे वडील!"

अक्कांनी खूप विचार केला आणि विचारलं, "मंग तठे भाऊबीजले कोन येस?"

*

अक्कांनी एकदा वेखंड उगाळलं. जिभेला लावलं की पोर बोलतं म्हणे. मला धाकधूक! मी म्हटलं, "अक्का, त्याला उलटी झाली तर?"

"मी पहिले चाखी पाहस," म्हणाल्या आणि बोटभर चाटलं.

विहानने तोंड घट्ट मिटून घेतलं, थेंब लावू दिला नाही. अक्का मात्र संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. वेखंडाला गुण आहे, यात शंका नाही!

*

नवऱ्याने वेगळा उपाय काढला. विहानला मांडीवर घेऊन तो रोज मोठ्याने म्हणायचा, "आई! म्हण, आई!" एकदा बाजूला पडलेला मोबाईलच उजळला आणि त्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही."

चला, घरात कोणीतरी ओ दिली!

*

शेवटी मी हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान तपासले, खेळणी देऊन पाहिली. "बाळ चांगलं आहे. घाबरू नका, पण दोन महिन्यांनी परत दाखवा. तोवर घरात सगळ्यांनी एकच शब्द ठेवा. तुम्ही कोणता शिकवता?"

"मम्मी."

"आणि तुम्ही तुमच्या आईला काय म्हणता?"

"माय," मी हळूच म्हटलं.

डॉक्टर नुसते हसले. घरी येऊन सांगितलं. एकच शब्द ठेवायचा, हे सगळ्यांना एकदम पटलं. प्रत्येकाने आपापला एकच ठेवला!

*

मग आमच्या घरच्या बिबड्यांचा दिवस आला. अंगणात खाटा उपड्या टाकल्या, त्यांच्यावर ओली धोतरं पसरली, बिबडे थापायला घेतले. गल्लीतलं एक कुत्रं सारखं खाटेकडे यायचं. सगळ्यांचे हात घाट्यात. मग बसल्या जागेवरून चौघी ओरडायच्या, "हाऽड! हाऽड!" विहान सावलीत पाटावर बसून टुकूटुकू बघत होता.

दुपारी पहिले बिबडे अर्धे वाळले. अशा ओलसर बिबड्यापुढे खान्देशातल्या माणसाला धीर धरवत नाही. "मीठ बराबर शे का पाहस," म्हणत अक्का खाटेवर वाकल्या आणि एक बिबडं उचललं.

"हाऽड!"

आवाज खणखणीत. आम्ही कुत्रं बघायला वळलो. कुत्रं नव्हतंच. विहान पाटावर उभा, बोट अक्कांकडे. पुन्हा, "हाऽड!"

शबानाभाभींच्या हातातला चाटू पातेल्यात पडला. मला रडूच फुटलं. अक्का बिबडं हातात धरून तशाच थिजल्या. आता कोणावर चिडतात, आम्हाला कळेना.

त्यांनी घाट्याच्याच हाताने मोबाईल घेतला, माझ्या नवऱ्याला फोन लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"पेढा लई ये रे भाऊ! तुना पोऱ्या बोलना! आनि पहिली हाक मालेच मारी!"