नळदुर्गच्या पाव्हण्या

मागच्या पावसाळ्यात नळदुर्गचा किल्ला बघायला गेले. माझ्याच गावात, तिकीट काढून. पाणीमहालाच्या जिन्यापाशी एक तरुण गाईड सोलापूरच्या मंडळींना सांगत होता, "निजामाच्या काळात सामान्य माणसाला इथे प्रवेश नव्हता."

मी म्हटलं, "होता."

"नव्हता आजी. पुस्तकात तसं दिलंय."

"पुस्तकं मलाही वाचता येतात. बी.ए. आहे मी. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारी पहिली बाई मीच. पण ते पुस्तक लिहिणारा त्या दिवशी इथं नव्हता. मी होते."

मंडळी हसली, गाईड पुढं गेला. त्याला घाई होती. मला नाही.

रझाकारांच्या धामधुमीच्या आधीची, निजामाच्या राज्यातली गोष्ट. बोरी नदीच्या कडेला आमचा भाजीचा लहानसा मळा होता. वडील पिकवायचे, आई बाजारात बसायची. माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणायची, लांब भूमकडं ईट गावाला दिली होती. तो सगळा कोरडा मुलूख. विहिरीवर बायकांची रांग लागायची, आणि त्या रांगेत अक्कानं एकदा सांगितलं, "आमच्या गावाला पाण्याच्या पोटात महाल हाय. वरनं नदी पडती, आत मानूस कोरडं उभं ऱ्हातं."

झालं. त्या दिवसापासून ती ईटची थापाडी. डाळ शिजायला वेळ लागला तरी सासू म्हणायची, "महालातल्या राणीला चुलीची काय सवय!" तिच्या कुठल्याच शब्दाला किंमत उरली नाही. आजारी आहे म्हटलं तरी थाप, माहेरचा निरोप आला म्हटलं तरी थाप. हसण्यावारी सुरू झालेलं तिच्या जिवावर बेतायला लागलं होतं. दोन नागपंचम्या तिला माहेरी धाडली नाही. तिसऱ्या वर्षी धाडली, पण सोबत थोरली नणंद आली. बाई उंच, कडक, कमी बोलणारी. गाडीतून उतरल्या उतरल्या आईला म्हणाली, "तुमच्या लेकीचा महाल बघाया आलेय. असंल तर दावा. न्हाय तर ही पुन्यांदा महालाचं नाव काढायची न्हाय, आन् माहेराचं बी."

आईनं फक्त एवढंच म्हटलं, "हात-पाय धुवा. पंचमी होऊ द्या."

आमच्या गावच्या बायकांची एक रीत होती. किल्ल्यात बोरीवर धरण आहे, महाल त्याच्याच पोटात; त्यावरून पाणी दोन ठिकाणी पडतं. एक नर, एक मादी. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी माहेरवाशिणींनी जायचं आणि मादीच्या पाण्यात लाह्या सोडायच्या. कुणी सुरू केलं, कधी केलं, कुणाला ठाऊक नाही. कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून गाईडलाही ठाऊक नाही. त्या वर्षी पाणी भरपूर आलं होतं. रात्री अंथरुणात धबधब्याचा आवाज यायचा. अक्का कुशीवर वळून म्हणायची, "ऐकाय येतंय का वन्सं?" नणंद म्हणायची, "वारं हाय ते."

सकाळी आम्ही निघालो. आई, अक्का, नणंद, मी, गल्लीतल्या सात-आठ जणी आणि शेजारच्या उस्तानीबाई. उस्तानीबाई बुरख्यात असायच्या. मला उर्दू त्यांनीच शिकवलं. त्यांचंही माहेर नळदुर्गच, त्यामुळं लाह्यांची पुडी त्यांच्याही हातात.

दरवाज्यावर जवान आडवा आला. बंदूक होती, पण चेहरा भला होता.

"नक्को अम्मा. आज बंद है. हैदराबादसे बडे साब आ रहे, महाल में खाना है उनका."

आई म्हणाली, "खाऊ द्या की. आमी कुठं ताटात बसतोय?"

"हुकुम है. आज सिर्फ मेहमानाँ."

अक्काचा चेहरा उतरला. उद्या पहाटे गाडी ईटला निघणार होती. मी जवानाशी उर्दूत वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात नणंदेनं पदर सारखा केला आणि सरळ पुढं झाली. ईटला उर्दू फारसं कानावर पडत नव्हतं, पण मेहमान म्हणजे पाव्हणा एवढं तिला कळत होतं. आपल्यालाच या म्हणताहेत असं तिला वाटलं. मनापासून वाटलं.

"व्हय, मीच," ती जवानाला म्हणाली. "ईटहून आलेय. लई मान केलात बाबा." आणि आडव्या धरलेल्या बंदुकीखालून वाकून आत गेली.

जवान बघतच राहिला. हात लावून बाईला अडवायची त्याची छाती नव्हती. आम्हीही बघत राहिलो. मग आई हलली.

"आन् ही माझी लेक. सासराहून आलीय. माहेराला आलेली लेक पाव्हणी असती का न्हाय? तुमच्या घरी काय म्हनत्यात?"

जवान पुटपुटला, "मेहमानइच बोलते..."

"मग झालं तर!"

उस्तानीबाई बुरख्यातून म्हणाल्या, "और मेहमान को अकेला छोडते क्या मियाँ? किसने सिखाया तुमको?"

एकेक करून सगळ्या आत. मी शेवटची. माझं लग्न झालेलं नव्हतं, मी कुणाचीच पाव्हणी नव्हते. जवान म्हणाला, "तू कौन?" मी म्हटलं, "घरवाली. मेहमानों को घर कौन दिखाएगा?" त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि तोंड दुसरीकडं केलं.

महालात सतरंज्या अंथरल्या होत्या, लोड टेकवले होते. आम्हाला बघून एक चपराशी ओरडायला लागला. पण तिथं पाण्याचा आवाज एवढा, की त्याचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं. तेवढाच आमचा फायदा. नणंद सतरंजीच्या कडेकडेनं गेली, एका टोकावरही पाय दिला नाही, आणि दगडी खिडकीत जाऊन उभी राहिली. समोर अख्खी बोरी नदी कोसळत होती. आत मात्र पायाखालची फरशी कोरडी.

तिनं हात बाहेर काढला, तळव्यावर पाणी पडू दिलं, हात आत घेतला. पुन्हा बाहेर. विहिरीवर घागर टेकवायला जागा मिळेना म्हणून भांडणारी ती बाई. एवढं पाणी फुकट वाहून चाललंय हे तिला सोसत नव्हतं, असं मला तिच्या पाठीकडं बघून वाटलं. अक्का तिच्या मागं उभी होती. "बघा" असंही म्हणाली नाही. मी असते तर दहा वेळा म्हटलं असतं.

मग दोघींनी लाह्या सोडल्या.

परत निघालो तोवर वर साहेब येऊन पोचले होते. जिना अरुंद, येणारा आणि जाणारा एकदम मावत नाही. आम्ही खालून निघालो होतो, म्हणून साहेबांना, त्यांच्या दोस्तांना, त्यांच्या डब्यांना वर थांबावं लागलं. आई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश चढत होती. उगीचच. एरवी मळ्यातून डोक्यावर पाटी घेऊन ती पळत यायची.

साहेबांनी दरवाज्यावरून सोबत आलेल्या त्या जवानाला विचारलं, "ये कौन लोगाँ हैं?"

जवान ताठ उभा. "मेहमान हैं, सरकार."

"किसके?"

मी उस्तानीबाईंनी शिकवलेल्या स्वच्छ उर्दूत म्हटलं, "गाँव के, जनाब." आणि मान खाली घातली नाही. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग बाजूला सरकून वाट दिली. रागावले असतील. आम्ही मागं वळून बघितलं नाही.

त्या जवानाला काय बोलणी बसली, मला माहीत नाही. पण नंतरच्या बाजारात तो भेंडी घ्यायला आला, तेव्हा आईनं तागडी झुकवली ती झुकवलीच.

घराच्या वाटेवर नणंद सगळ्यांच्या मागं राहिली होती. हात अजून ओला होता, पदराला पुसत नव्हती. नदीकाठी थांबून अक्काला म्हणाली, "गावात जाऊन काय सांगू गं? वरनं नदी पडती आन् आत मानूस कोरडं? कोन ऐकून घेईल? आता मला बी थापाडी म्हनतील."

अक्का हसली. माहेरी आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हनू द्या वन्सं," ती म्हणाली. "आता दोघी हाय आपन."