वरच्या मजल्यावरची लंगडी

लहानपणी मी लंगडी घालायचो, तेव्हा गावच्या विहिरींचं पाणी हिंदकळायचं. भूकंप झाला समजून मामलेदार दोनदा चौकशीला येऊन गेले. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

अशा माणसाच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, पाच वर्षांची चिमी राहायला आली आणि फरशीच्या चौकोनांवर दिवसभर ठिकरी खेळू लागली. मला अभिमान वाटायला हवा होता. त्याऐवजी मी सोसायटीत अर्ज दिला, की पंखा गरगरत खाली येतो आणि माझी कवळी ग्लासातून बाहेर उडी मारते. आयुष्यभर मारलेल्या थापांपैकी नेमकी हीच लोकांना खरी वाटली.

छत गप्प झालं. इतकं, की पाल चुकचुकली तरी मी दचकायचो.

काल जिन्यात चिमी दिसली. वर्षभरात उंच झाली होती, पण चोरासारखी चवड्यांवर उतरत होती. मागून तिची आई म्हणाली, "घरात लावलेली सवय, काका. आता शाळेतही उडी मारत नाही, बाई तक्रार करतात. तुमची कवळी बरी आहे ना?"



आज सकाळी अंगणातल्या मातीत काडीने आठ घरं आखली. फुटक्या कौलाची ठिकरी चिमीच्या हातात दिली. "मार बघू उडी, चिमे! दणकून!"

तिने एक पाय उचलला. तो तसाच हवेत धरून मातीकडे बघत तिने हळूच विचारलं, "आजोबा, इथे खाली कोण राहतं?"